तुम्ही खुलासा मागितलात, हा घ्या! ओसी नसलेल्या सोसायटीकडून आयुक्तांना खुलं पत्र

मा. आयुक्त साहेब,
आणि नगररचना, अग्निशमन, कर, पाणीपुरवठा अशा सगळ्या विभागांतले साहेब आणि मॅडम,

स.न.वि.वि.

आपली नोटीस मिळाली. "आपण सदर इमारतीचा वापर भोगवटा प्रमाणपत्र न घेता करीत आहात, तरी सात दिवसांत लेखी खुलासा करावा, अन्यथा..." वगैरे वगैरे. (भोगवटा प्रमाणपत्र म्हणजेच ओसी, इमारत राहायला वापरायला हरकत नाही असा पालिकेचा दाखला.) खुलासा आम्ही आवक-जावकला देऊन आलोय, पोच आहे, वकिलाने लिहिलेली दोन पानं, त्यात 'सबब', 'उपरोक्त', 'नम्र विनंती' सगळं आहे. पण त्या दोन पानांत जे बसलं नाही ते इथे लिहितोय, आणि उघड्यावर लिहितोय कारण अशी नोटीस आमच्या एकट्याला आलेली नाही, आणि ज्यांना आली नाही त्यांना आज ना उद्या येणारच आहे. शहराचं नाव मुद्दाम टाकत नाही. टाकलं की हे लगेच एका पालिकेचं भांडण होतं आणि बाकीच्या पालिका हुश्श करतात. मुंबईपासून लोकलने तास-दीड तासावरच्या कुठल्याही गावात हे पत्र जसंच्या तसं चालेल, फक्त वरचं नाव बदला.

मी सोसायटीचा सेक्रेटरी. हौस म्हणून नाही, मीटिंगला उशिरा पोचलो आणि तोवर ठराव झालेला होता म्हणून. आमची बिल्डिंग स्टिल्ट (खाली नुसत्या खांबांवरचं पार्किंग) प्लस सात, २८ फ्लॅट, दोन लिफ्ट, त्यातली एक चालते.

आधी ती नोटीस आली कशी ते सांगतो. दिवाळीच्या आधी एका रात्री पावणेबाराला आमच्या मीटर रूममध्ये शॉर्टसर्किट झालं. जिन्यात धूर, लाईट गेलेली, लोक बनियनवर, गाऊनवर, पोरं कडेवर घेऊन खाली, तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना खुर्चीत बसवून चौघांनी उचलून आणलं. फायर ब्रिगेडची गाडी बारा-तेरा मिनिटांत आली, हे मुद्दाम लिहितोय कारण त्या लोकांबद्दल माझी एका शब्दाचीही तक्रार नाही. त्यातला एक जवान दुसऱ्या मजल्यावर गेला आणि त्याने जिन्यातली ती लाल पेटी उघडली, होजची, म्हणजे आग विझवायच्या पाण्याच्या नळीची. आत होज नव्हता. आत दोन झाडू, फिनेलचा कॅन आणि बंदी आल्यापासून टाकायचं कुठे म्हणून ठेवून दिलेलं गणपतीचं थर्मोकोलचं मखर होतं. त्याने बॅटरीच्या उजेडात माझ्याकडे बघितलं, मी खाली बघितलं. मग म्हणाला पंप दाखवा. स्टिल्टच्या मागे पंप रूम, तिची किल्ली सापडायलाच पाच मिनिटं गेली, दार उघडलं तर पंप आहे, व्यवस्थित हिरवा रंग दिलेला, कंपनीची प्लेट सुद्धा आहे, फक्त त्याला केबलच जोडलेली नाही. बारा वर्षं! तिथून निघालेला लाल पाइप सातव्या मजल्यापर्यंत गेलाय आणि आत थेंबभर पाणी नाही, आम्ही मात्र दर दोन वर्षांनी त्याला रंग मारतोय. आग त्यांनी पावडरचे सिलिंडर मारून विझवली. जाताना त्यांच्या साहेबांनी रजिस्टर काढलं आणि विचारलं, ओसी आहे का? म्हटलं, नाही. त्यांनी लिहिलं, नाही. तीन आठवड्यांनी आपली नोटीस.

आता हे जरा शांतपणे बघा साहेब. इमारतीत पंप जोडलेला नाही हे पालिकेच्या माणसाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, आणि त्यावर पालिकेकडून जो कागद आला त्यात पंपाचं नावच नाही. कागद ओसीचा आहे. तोही आम्हाला. बिल्डरला त्याची प्रत पाठवलीय, 'माहितीसाठी'.

खुलाशात वकील म्हणाले की "आम्ही अनभिज्ञ होतो" असं लिहा. मी नको म्हटलं, कारण ते खरं नाही. आम्हाला माहीत होतं. २०१३ च्या दसऱ्याला बिल्डरने सगळ्यांना बोलावलं, पेढे दिले, चावी दिली आणि चावीबरोबर एक पत्र दिलं, 'फर्निचरच्या कामासाठी ताबा'. फिट-आउट पझेशन म्हणतात त्याला. त्यात चौथं कलम होतं की ओसी येईपर्यंत सदनिकेचा राहण्यासाठी वापर करणार नाही, आणि त्याखाली आमची सही. तेव्हा माझं भाडं नऊ हजार आणि बँकेचा हप्ता एकवीस हजार, दोन्ही एकाच पगारातून, बँकेने शेवटचे पैसे पण आर्किटेक्टच्या एका पत्रावर सोडलेले, ओसी कुठाय असं बँकेनेही विचारलं नाही. बिल्डर म्हणायचा, ओसी काय, पंधरा दिवसांत येतेय, फाईल टेबलावर आहे. महिन्याभरात २८ पैकी १९ घरांत गॅस पेटला होता. वास्तुशांतीचं जेवण पण झालं, बिल्डर स्वतः जेवून गेला.

मोफा कायदा आहे ना, फ्लॅट विकणाऱ्या बिल्डरांसाठीचा महाराष्ट्राचा, १९६३ चा, त्यात सरळ लिहिलंय की दाखला मिळाल्याशिवाय प्रवर्तकाने (म्हणजे बिल्डरने) ताबा द्यायचा नाही, आणि त्याच वाक्यात पुढे असंही आहे की कोणी ताबा घ्यायचाही नाही. म्हणजे चूक दोन्हीकडची धरलीय. आम्हाला मान्य आहे. पण दोघांची चूक असेल तर बारा वर्षं शिक्षा एकालाच कशी चाललीय, एवढाच माझा प्रश्न आहे. तो बिल्डर आज हायवेला बावीस मजली उभा करतोय, त्याच्या होर्डिंगवर आधीच्या प्रोजेक्टची जाहिरात आहे, 'ओसी रिसीव्ह्ड, नो जीएसटी'. त्याला नवीन परवानगी देताना तुमच्या कॉम्प्युटरने त्याची जुनी अर्धवट फाईल दाखवली नसेल का? की दाखवली आणि कोणी बघितली नाही?

फाईलवरून आठवलं. आमच्या आधीच्या सेक्रेटरींनी २०१९ ला माहितीच्या अधिकारात ती मागवली, ६३ पानं मिळाली. २०१० ची बांधकाम परवानगी, मंजूर नकाशा, २०११ चा जोत्याचा दाखला (प्लिंथ चेकिंग हो), आणि त्यानंतर थेट २०१४ चा आर्किटेक्टचा पूर्णत्वाचा अर्ज. मधल्या काळात सात मजले चढले आणि त्याबद्दल फाईलमध्ये एक चिठोरं नाही. मग तुमचं त्रुटीपत्र, नऊ मुद्दे. ते मी इतक्या वेळा वाचलंय की पाठ झालंय. रस्तारुंदीतली दीड मीटरची पट्टी पालिकेच्या नावे केलेली नाही. विकास शुल्काची बाकी आणि त्यावर व्याज. मजूर उपकर भरल्याची पावती नाही. झाडं लावल्याचा दाखला नाही. ड्रेनेज जोडणीचा दाखला नाही. स्टिल्टमध्ये एका कोपऱ्यात भिंत घालून ऑफिस केलंय (बिल्डरचंच साइट ऑफिस, तो गेला आणि ऑफिस आम्हाला ठेवून गेला). सातव्या मजल्यावर दोन टेरेस बंद केल्यात. आणि मग आठवा आणि नववा मुद्दा, अग्निशमनचा अंतिम ना-हरकत दाखला आणि लिफ्टचं लायसन्स.

नऊपैकी दोन मुद्दे माणूस जगेल की मरेल याचे. तेच सगळ्यात शेवटी. बाकीचे बरेचसे पालिकेचं येणं किंवा कागदाची पूर्तता. मी असं म्हणत नाही की पालिकेने आपले पैसे सोडावेत, मुळीच नाही, पण नऊच्या नऊ मुद्दे एकाच दोरीने बांधल्यामुळे काय झालं ते बघा, बिल्डरला पट्टी द्यायची नव्हती आणि व्याज भरायचं नव्हतं म्हणून त्याने त्रुटीपत्राला उत्तरच दिलं नाही, आणि उत्तर नाही म्हणून पंप बघायलाही कोणी आलं नाही. पैशाचा मुद्दा अडला आणि त्याच्यामागे पाण्याचा पंप अडला.

यात एकवीस दिवसांची एक गोष्ट आहे ती सामान्य माणसाला माहीतच नसते. २०२० च्या डिसेंबरपासून मुंबई सोडून बहुतेक महाराष्ट्राला बांधकामाची एकच नियमावली लागू झाली, यूडीसीपीआर. त्यात असं आहे की पूर्णत्वाचा दाखला आल्यापासून २१ दिवसांत पालिकेने ओसी द्यायची नाहीतर नाकारायची, काहीच केलं नाही तर काम मंजूर नकाशाप्रमाणे असल्यास वापराला परवानगी मिळाली असं धरायचं. महानगरपालिका अधिनियमात पण हे २१ दिवस आधीपासून आहेत. वाचायला झकास. पण ते २१ दिवस सुरू करायचं बटण कोणाच्या हातात? मालकाने, ज्या आर्किटेक्टने कामावर देखरेख केली त्याच्यामार्फत दाखला सादर करायचा. मालक म्हणजे फाईलवर बिल्डर. आर्किटेक्ट म्हणजे बिल्डरचा आर्किटेक्ट, ज्याचे पैसे बिल्डरने बुडवलेत म्हणून तो आमचा फोन सुद्धा उचलत नाही. आम्ही २८ घरं, यातले कोणीच नाही.

२०२१ ला आम्ही मानीव अभिहस्तांतरण करून घेतलं, डीम्ड कन्व्हेयन्स, म्हणजे बिल्डर आला नाही तरी जमीन सोसायटीच्या नावावर होते ते. २०१८ च्या जीआरमुळे ओसी नसली तरी स्वयंघोषणापत्रावर ते करता येतं, सरकारचं हे काम चांगलं झालं, चांगल्याला चांगलं म्हणायला पाहिजे. जमीन सोसायटीच्या नावावर झाली. मला वाटलं झालं आता, आपणच मालक. फाईल काखोटीला मारून तुमच्या नगररचनेच्या खिडकीवर गेलो. तिथला संवाद जसाच्या तसा देतो.

"अर्जदार कोण?"
"सोसायटी."
"विकासक कुठेत?"
"ते नाही येत."
"मग त्यांच्या आर्किटेक्टला सांगा, लॉगिन त्यांचं असतं."
"आम्ही नवीन आर्किटेक्ट नेमला तर?"
"जुन्याची एनओसी आणा."
"तो देत नाही."
"मग विकासकाचं पत्र आणा."
"साहेब, जागेचे मालक आता आम्ही आहोत, नियमात मालक असाच शब्द आहे."
"ते बरोबर आहे हो तुमचं, पण सिस्टीममध्ये तसं नाही ना."

तो माणूस वाईट नव्हता, खरंच नव्हता, त्याने मला बसायला खुर्ची दिली आणि स्वतःच्या थर्मासमधला चहा दिला. पण साहेब, जमिनीचा मालक मी, टॅक्स भरणारा मी, नोटीस घेणारा मी, आग लागली तर जळणारा मी आणि अर्जदार मात्र कोणी दुसराच. लग्न आमचं, घोडा आमचा, वरातीचा खर्च आमचा आणि अक्षता टाकायला परवानगी शेजारच्याची.

टॅक्सचं पण बघून घ्या. आमच्या बिलात मूळ कराच्या खाली 'शास्ती' (म्हणजे दंड) म्हणून एक ओळ असते. अनधिकृत बांधकामाला मूळ कराच्या दुपटीपर्यंत शास्ती लावायची तरतूद महानगरपालिका अधिनियमात आहे, कलम २६७ अ. पिंपरी-चिंचवडकरांनी यावर केवढा आवाज केला आणि २०२३ ला सरकारने तिथली थकीत शास्ती माफ केली हे सगळ्यांना आठवत असेल, आमच्याकडे तेवढा आवाज नाही. बिलाच्या तळाशी बारीक अक्षरात असतं की ही आकारणी म्हणजे बांधकाम अधिकृत असल्याचा पुरावा समजू नये. बरं. नाही समजत. पण मग हे पैसे कशाचे? बारा वर्षं दरवर्षी एक क्लार्क आमच्या नावाने बिल काढतो, म्हणजे इमारत इथे उभी आहे, तिच्यात माणसं राहतात, ओसी नाही, हे सगळं पालिकेला दरवर्षी एप्रिलमध्ये ठाऊक असतं. त्या बारा वर्षांत कर विभागाकडून अग्निशमन विभागाला एक साधं पत्र गेलं नाही की बाबांनो इथे दाखला नाही, जरा जाऊन बघून या. दोन्ही ऑफिसं एकाच मजल्यावर आहेत, मधे फक्त कँटीन आहे.

पाणी 'मानवतेच्या दृष्टिकोनातून' दिलंय, जादा दराने. मानवतेचा दर वेगळा असतो हे मला इथे कळलं. त्यात मार्च ते जून टँकर आहेच.

आता 'अनधिकृत' या शब्दाबद्दल बोलायला पाहिजे कारण सगळा घोळ या एका शिक्क्यात आहे. ओसी नाही म्हणजे काय? एक इमारत अशी असते की परवानगीच नाही, सरकारी नाहीतर आरक्षित जागेवर रातोरात उभी केली. दुसरी अशी की परवानगी पाच मजल्यांची आणि बांधले वीस, वरळीच्या कॅम्पा कोला कंपाउंडसारखं, जिथे ऐंशीच्या दशकात बांधलेल्या इमारतींचं प्रकरण २०१३ ला सुप्रीम कोर्टात संपलं आणि वरच्या मजल्यांवरच्या लोकांवर घर सोडायची वेळ आली, तीस-तीस वर्षं राहून! तिसरी आमच्यासारखी, परवानगी आहे, मजले परवानगीइतकेच आहेत, अर्ज पण झाला होता, शेवटचा कागद अडकला. तिन्हीला शिक्का एकच, शास्ती एकच, नोटिशीचा मजकूर पण एकच, फक्त सर्व्हे नंबरची जागा रिकामी सोडून भरलेला. डॉक्टरने सर्दीवाल्याला आणि हार्टवाल्याला एकच चिठ्ठी लिहून द्यावी तसं झालं हे.

आणि कोणी म्हणेल, अहो कागदाचं काय एवढं, राहताय ना. नाही. कागदाचं आहे. ४ एप्रिल २०१३ ला मुंब्र्याजवळ शिळफाट्याला इमारत कोसळली, ७४ माणसं गेली, खालच्या मजल्यांवर लोक राहायला आले होते आणि वर अजून मजले चढत होते. त्याच वर्षी सहा महिन्यांनी आम्ही आमच्या चाव्या घेतल्या, लिहिताना लाज वाटते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये विरारला बिल्डिंग पडली, १७ माणसं, आत एका वर्षाच्या मुलीचा वाढदिवस चालू होता. ती इमारत पण अनधिकृतच होती आणि २०१२ पासून लोक तिच्यात राहत होते. म्हणून मी ओसी रद्द करा, अट काढून टाका असं म्हणणाऱ्यातला नाही. उलट महाडचं उदाहरण बघा, २०२० च्या ऑगस्टमध्ये पाच मजली तारिक गार्डन कोसळली, १६ माणसं गेली, इमारतीला दहा वर्षं सुद्धा झालेली नव्हती, आणि गुन्हा दाखल झाला तो बिल्डरबरोबर आर्किटेक्ट, आरसीसी सल्लागार आणि पालिकेच्या अधिकाऱ्यांवर पण. म्हणजे दाखला आला की सगळं सुरक्षित असंही नाही, कोणीतरी खरंच जाऊन बघावं लागतं. आमच्याकडे दाखला पण नाही आणि बघणारा पण नाही.

कोर्ट काय म्हणतं तेही तुम्हाला माहीत आहेच, पण वाचणाऱ्यांसाठी लिहितो. ११ जानेवारी २०२२ ला सुप्रीम कोर्टाने समृद्धी सोसायटीच्या प्रकरणात सांगितलं की ओसी मिळवून न देणं ही बिल्डरच्या सेवेतली त्रुटी आहे, सभासद हे ग्राहक आहेत, आणि ही चूक रोज चालू राहणारी असल्याने मुदत संपली असं म्हणून बिल्डरला सुटता येणार नाही. त्या लोकांना ताबा १९९७ ला मिळालेला, ओसी नाही म्हणून २५ टक्के जादा मालमत्ता कर आणि ५० टक्के जादा पाणीपट्टी भरत होते. १९९७ ते २०२२, पंचवीस वर्षं. मी माझ्या मुलाला म्हटलं, आपल्या केसचा निकाल ऐकायला तुझ्या बायकोला पण घेऊन जा. तो नववीत आहे.

मग १७ डिसेंबर २०२४ ला मेरठच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने देशभरासाठी निर्देश दिले, दाखला मिळाल्यावरच ताबा, बांधकाम चालू असताना पालिकेने वेळोवेळी जाऊन तपासणी करायची, मंजूर नकाशा साइटवर लावायचा, वीज-पाणी-ड्रेनेजची जोडणी दाखला बघूनच, बँकांनीही दाखला बघूनच कर्ज. शंभर टक्के बरोबर. हे २०१० ला असतं तर मी आज हे पत्र लिहीत नसतो. पण साहेब या सगळ्या निर्देशांमधला तुमच्या ऑफिसला सगळ्यात सोपा कुठला वाटेल ते मला आत्ताच दिसतंय. वेळोवेळी तपासणीला माणसं लागतात, गाडी लागते, सही करायची हिंमत लागते. नळ तोडायला एक प्लंबर पुरतो.

आणि ताडदेवला जे झालं त्याने आमच्या सोसायटीत दोन रात्री कोणी नीट झोपलं नाही. ३४ मजली टॉवर, १६ मजल्यांपर्यंत भाग ओसी, १७ ते ३४ ला नाही, फायरची एनओसी नाही, २०२५ च्या जुलैत हायकोर्टाने वरच्या मजल्यांवरच्या लोकांना घरं रिकामी करायला सांगितलं, सुप्रीम कोर्टाने पण दिलासा दिला नाही. ते पैसेवाले लोक होते हो, त्यांना दुसरीकडे भाड्याने घर घेणं जमलं असेल. आमच्या पहिल्या मजल्यावरचे काका रिटायर्ड एसटी कंडक्टर आहेत.

त्यानंतर सरकारने मुंबईपुरतं धोरण जाहीर केलं, अशा २५,००० च्या वर इमारती आहेत असं खुद्द मंत्र्यांनीच सांगितलं आणि तांत्रिक कारणाने अडकलेल्यांना ओसी मिळवायचा रस्ता देऊ म्हणाले, बिल्डर नसला तरी रहिवाशांना अर्ज करता यावा अशी त्यात सोय ठेवली. मुंबईकरांचं अभिनंदन. खाडीच्या अलीकडची माणसं पण त्याच लोकलला लटकून त्याच मुंबईत कामाला जातात एवढंच नम्रपणे लक्षात आणून देतो.

तर आमचं म्हणणं काय. माफी नको, अभय योजना नको, निवडणुकीच्या आधी स्टेजवरून वाटलेला सरसकट दाखला तर अजिबात नको. ज्याच्या नावावर जमीन झाली त्या सोसायटीला अर्जदार माना, तिला लॉगिन द्या, आणि जुना आर्किटेक्ट तीस दिवसांत बोलला नाही तर नवीन माणसाला त्याच्या एनओसीशिवाय पुढे जाऊ द्या. मग ते नऊ मुद्दे दोन ढिगांत करा. पंप, लिफ्ट, जिना, ड्रेनेज, स्ट्रक्चरल स्टॅबिलिटी हा एक ढीग, तो आमच्या गळ्यात घाला, आम्ही करतो, पैसे काढतो, मुदत द्या आणि मुदतीत नाही केलं तर खुशाल दंड लावा. पट्टी, व्याज, उपकर हा दुसरा ढीग, तो ज्याचा आहे त्याच्याकडून घ्या, तो हायवेला रोज सकाळी अकराला साइटवर असतो, त्याची पुढची परवानगी याला जोडा की, दोन दिवसांत पैसे भरतो की नाही बघा. आणि पहिला ढीग पूर्ण झाला की दुसऱ्यासाठी ओसी अडवू नका.

अजून एक, तुमच्या वेबसाइटवर ओसी दिलेल्या इमारतींची यादी असते. न दिलेल्यांची पण टाका, आणि पुढे कारण लिहा, 'पैसे बाकी' की 'फायर नाही'. कल्याण-डोंबिवलीच्या ६५ इमारतींचं काय झालं आठवा, खोट्या परवानग्यांवर महारेराचा (बिल्डरांच्या प्रोजेक्टची नोंदणी करणाऱ्या प्राधिकरणाचा) नंबर मिळाला, लोकांनी तो नंबर बघून घर घेतलं आणि २०२४ ला हायकोर्टाने इमारती पाडायला सांगितल्या. घर घेणाऱ्याला मोबाइलवर दोन मिनिटांत खरं काय ते दिसलं असतं तर? आमचे दोन फ्लॅट गेल्या तीन वर्षांत रीसेलला निघाले, दोन्ही घ्यायला आलेल्यांना मी स्वतः सांगितलं ओसी नाही म्हणून, एक थांबला, दुसरा म्हणाला "अहो इथे कोणाकडे असते?" आणि घेतला. सोसायटीतले काही जण माझ्यावर अजून चिडून आहेत, रेट पाडतो म्हणून.

आता आमच्या घरातलं पण सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल सेक्रेटरी फार साळसूद. सातव्या मजल्यावरच्या दोन टेरेस आमच्याच सभासदांनी पत्रे टाकून बंद केल्यात. त्यातला एक फ्लॅट खजिनदाराचा आहे. गेल्या महिन्याच्या जनरल बॉडीत ठराव आणला की पत्रे काढायचे, अडीच तास भांडण, एकाने खुर्ची ढकलली, एकाने माझ्या बालकनीची ग्रिल काढली (म्हणजे तिचा विषय काढला, ग्रिल जागेवरच आहे). शेवटी १९ विरुद्ध ६ ने पास झाला. होजच्या पेट्या रिकाम्या केल्या, मखर भंगारवाल्याने पण घेतलं नाही. लायसन्सवाल्या फायर एजन्सीला बोलावून एस्टिमेट घेतलं, केबल, पॅनल, होज, व्हॉल्व्ह, दोन टाक्यांची सफाई मिळून फ्लॅटमागे साधारण अकरा हजार पडतात. अकरा हजार, साहेब. बारा वर्षांत प्रत्येक घराने त्याच्या कितीतरी पट शास्ती भरलीय. काम झालं की एजन्सी 'फॉर्म बी' देईल, म्हणजे आगीची यंत्रणा चालू स्थितीत आहे असा दाखला, जो नियमाने दर जानेवारीत आणि जुलैत द्यायचा असतो आणि जो आमच्याकडे आजपर्यंत कोणी मागितलाच नाही. आम्हीही दिला नाही.

तो फॉर्म आम्ही जानेवारीत घेऊन येतोय. अग्निशमनच्या खिडकीवर देऊ, आणि एक प्रत नगररचनेत पण देऊ. तिथे "अर्जदार कोण" असं विचारतील तेव्हा काय उत्तर द्यायचं तेवढं आधी कळवा, म्हणजे २८ जणांना हाफ डे टाकायला नको. आणि कोणाला पंप बघायला यायचं असेल तर कधीही या, किल्ली आता वॉचमनच्या केबिनमध्ये कॅलेंडरच्या खिळ्याला लावलीय. फक्त सकाळी साडेसहा ते सात गाडी गेटसमोर लावू नका, तेव्हा टँकर येतो.

आपला,
सेक्रेटरी
(सोसायटीचा शिक्का आहे, पण त्यावर नाव आहे म्हणून मारत नाही)